आहे तसं ठेवा

२ फेब्रुवारी, सोमवार

प्रकाशक आज स्वतः जिना चढून वर आले. एरवी ते शिपायाच्या हाती प्रुफं पाठवतात, त्यामुळे त्यांना दारात पाहून ऱ्हस्वराव ताडकन उभे राहिले आणि मी उगाचच टेबलावरची पेन्सिल सरळ केली. ऱ्हस्वरावांचं खरं नाव वेगळं आहे. पण दुकानाची पाटी दिसली की खिशातला खडू काढून तिची वेलांटी दुरुस्त करणाऱ्या माणसाला छापखान्यातली मंडळी दुसरं काय म्हणणार? आता ते स्वतःही त्याच नावाला ओ देतात. प्रुफं तपासायचं हे काम आम्ही दोघं मिळून करतो. एक खोली, दोन टेबलं, आणि खाली नळाच्या सामानाचं दुकान.

प्रकाशक पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, राग मानू नका. कागद इकडून तिकडे फिरण्यात माझा फार वेळ जातो. एक कंपनी आलीये. त्यांचं सॉफ्टवेअर म्हणे चहा निवायच्या आत अख्खं पुस्तक तपासतं."

"आणि बरोबर तपासतं?" ऱ्हस्वरावांनी विचारलं.

"बरंचसं."

ऱ्हस्वरावांनी डोळे मिटून घेतले. पायावर कुणी पाय दिल्यावर माणूस मिटतो तसे.

मग प्रकाशकांनीच तोडगा काढला. तुम्हीही सगळं संगणकावर आणा, म्हणाले. पान स्क्रीनवर यावं, तुम्ही दोघांनी तपासावं, मला माझ्या खोलीत बसून दिसावं. सत्तावीस तारखेला येऊन बघतो. जमलं तर काम तुमचं, नाही जमलं तर त्या कंपनीचं. या प्रकाशकांशिवाय आम्हाला दुसरं मोठं काम नाही. ते गेलं की खोलीला कुलूप, आणि ऱ्हस्वराव घरी बसून बायकोच्या वाणसामानाच्या यादीतल्या चुका काढणार. ती बाई बिचारी आत्ताच घाबरून असते.

मी "जमेल" म्हणून बसले. कशाच्या जोरावर म्हणाले ते देव जाणे.

४ फेब्रुवारी, बुधवार

जावयांशी फोनवर बोलले. ते संगणकातलेच. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण या माणसाने मला एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. काही बिनसलं की "बहुतेक माझंच काहीतरी चुकत असेल, आई" म्हणतात. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. मीही त्यांना कधी अहो-जाहो सोडून बोललेले नाही.

ते रोज ऑफिसातून आल्यावर आमच्यासाठी ॲप्लिकेशन लिहिणार आहेत. आमचा संगणक म्हातारा झालाय, त्यावर एक नवी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायला सांगितली. "फुकट असते, आई. आणि तिची मूळ प्रत, म्हणजे सोर्स कोड, सगळ्यांना खुली असते. कोणीही वाचावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी."

"कोणीही?" मी विचारलं.

"कोणीही."

मी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. माझे हात आत्तापासूनच शिवशिवायला लागलेत.

प्रणाली स्वतः येऊन टाकून देतो म्हणत होते. पण जावयांना आमच्या त्या डुगडुगत्या स्टुलावर कसं बसवणार? तुम्ही फक्त कृती लिहून पाठवा, मी करते, असं सांगितलं. मागे लेक हसत होती, तिला कशाचंही हसू येतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पेन ड्राइव्ह लावून प्रणाली चढवली. जांभळी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली तेव्हा ऱ्हस्वरावांनी टाळी वाजवली. आनंद फार टिकला नाही. मी पासवर्ड टाकायला गेले तर पडद्यावर काहीच उमटेना. कळा दाबून दाबून बोटं दुखली. ऱ्हस्वराव खालच्या दुकानातून त्यांचा कीबोर्ड मागून घेऊन आले, तोही तसाच मुका. शेवटी जावयांना फोन केला.

"तो टाइप करताना दिसत नाही, आई. दिसला नाही तरी आत जातो. बहुतेक माझंच सांगायचं राहिलं."

जे दिसत नाही ते तपासायचं कसं, असं ऱ्हस्वरावांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

जावयांची मेल आली. पडद्यावर एक काळी खिडकी उघडते, तिच्यात मशीनला हुकूम द्यायच्या कुठल्या ओळी टाकायच्या ते सगळं क्रमाने दिलंय. काम मोठं कष्टाचं आहे, पण लिखाण पाहून मला त्यांची कीवच आली. एकाही ओळीच्या शेवटी पूर्णविराम नाही. इंग्रजी वाक्यं सगळी लहान अक्षराने सुरू होतात. जिथे एक लांब रेघ हवी तिथे दोन आखूड रेघा ठोकून दिल्यात. अवतरणचिन्हं उभी, ना उघडणारी ना मिटणारी. एका ठिकाणी तर 'अनमाउंट' लिहायचं तिथे मधला एन सरळ गिळून 'यूमाउंट' लिहिलंय. दिवसभर नोकरी करून लिहिणाऱ्या माणसाकडून असं व्हायचंच.

मी सगळा मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला आणि स्वच्छ केला. ऱ्हस्वरावांनी दुसरं वाचन केलं. त्यांना दोन जागा सापडल्या, त्या मी मान्य केल्या. मग एकेक ओळ काळ्या खिडकीत टाकायला घेतली.

पहिलीला उत्तर आलं, अशी कमांड सापडली नाही. दुसरीला तेच. तिसरीलाही तेच.

दुपारपर्यंत एकही ओळ गळी उतरली नाही. इतकं निर्दोष लिखाण या मशीनने याआधी पाहिलं नसावं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आजचं फोनवरचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण त्यात मला काहीतरी कळलं नाही.

"आई, मी पाठवलं तसंच टाकलंत ना?"

"अगदी तसंच. फक्त शुद्ध करून."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावल्याचा आवाज आला.

"शुद्ध म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या रेघा, पूर्णविराम, काही गाळलेली अक्षरं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, घाईत होतं असं."

जावई खाकरले. "बहुतेक माझंच काहीतरी चुकत असेल, आई. असं करू, मी सगळ्या ओळी एका फाइलमध्ये बांधून पाठवतो. ती फाइल उघडायची नाही. फक्त एक शब्द टाइप करायचा. आणि काही अडलं तर मला घरून तुमच्या मशीनमध्ये डोकावता येईल, अशी सोय करून घेतो. चालेल?"

चालेल म्हटलं. जावई घरबसल्या आपल्या कामाकडे लक्ष ठेवणार, याहून चांगलं काय?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फाइल आली. एक शब्द टाइप केला आणि अक्षरांच्या ओळींवर ओळी वर पळू लागल्या. ऱ्हस्वराव चष्मा लावून वाचायला उभे राहिले आणि चिडले. "वाचायला वेळच देत नाहीत. असं कोणी छापतं का?"

सगळं थांबल्यावर ब्राउझर उघडला. पांढऱ्या पानावर एकच शब्द होता, 'चालतंय'. आम्ही दोघं कितीतरी वेळ तो शब्द बघत होतो. मला खरंच आनंद झाला. आपल्या खोलीत एक सर्व्हर आहे, आणि तो आपण सुरू केलाय.

घरी जेवताना ह्यांनी विचारलं, "झालं का सुरू?" गेले दहा दिवस रोज एवढंच विचारतात. आज "हो" म्हणता आलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जावयांनी ॲप्लिकेशनचा पहिला भाग चढवला. पान पडद्यावर येतं, चुकीच्या शब्दावर बोट ठेवलं की समासात खूण पडते, ऱ्हस्वरावांची निळी, माझी लाल. खूण खोडता येते, पण कोणी केली होती ते लपत नाही. ऱ्हस्वराव इतके खूश झाले की चूक नसलेल्या जागी त्यांनी दोन खुणा करून पाहिल्या.

काम संपल्यावर मी ॲप्लिकेशनची मूळ प्रत उघडून बसले. सगळ्यांना खुली म्हणून सांगितलंच होतं. मजकूर विचित्र आहे, निम्म्या शब्दांत स्वरच नाहीत. ती लेखकाची शैली म्हणून मी सोडून दिलं. पण एक शब्द मात्र शैलीत बसेना. 'रेफरर'. माणूस कुठल्या पानावरून आला ते हा शब्द सांगतो म्हणे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याच्या मधोमध दोन आर लागतात. इथे एकच होता. शब्दकोश काढून खात्री केली आणि आर घालून टाकला.

जावयांना मुद्दाम कळवलं नाही. उगाच ओशाळतील.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी फाइल उघडली तर तो आर पुन्हा गायब. छापखान्यातही हे व्हायचं. दुरुस्त पान बाजूला राहायचं आणि जुनंच मशीनवर चढायचं. पुन्हा घातला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा गायब. पुन्हा घातला.

फोनवर सहज विचारलं, "या मशीनला जुनं परत आणायची खोड असते का हो?"

जावयांना खोकल्याची उबळ आली. "असू शकते, आई. तुम्ही त्या फाइलींकडे बघूच नका. डोळ्यांना त्रास होतो त्यांनी."

माझ्या डोळ्यांची केवढी काळजी. पण हाडाच्या प्रूफवाल्याला असं सांगून काय उपयोग?

२२ फेब्रुवारी, रविवार

लेक आणि जावई आले होते. जावई ह्यांच्याबरोबर गच्चीत गेले तशी लेक माझ्याजवळ सरकली. "आई, तू त्याला कधी रागावत का नाहीस?"

"जावयांना कोणी रागावतं का?"

"म्हणूनच तोही तुला काही सांगत नाही."

"काय सांगायचंय?"

"ते त्यालाच विचार. मी मध्ये पडणार नाही, शपथ घेतलीये."

निघताना मी जावयांना थेट विचारलं, "काही सांगायचं होतं का तुम्हाला?"

त्यांनी बूट घातले, नाडी बांधली, सोडली, परत बांधली. "नाही, आई. सगळं छान आहे."

बघा. या मुलीला पहिल्यापासून नसती कुलंगडी काढायची सवय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

या मशीनचा स्वभाव आता माझ्या ध्यानात आला. सकाळी ते ठणठणीत असतं. मग मी आर घालते. त्यानंतर थोड्या वेळाने ॲप्लिकेशन कुरकुरायला लागतं, 'आपण कुठून आलात ते कळत नाही' म्हणतं आणि पान उघडायचं नाकारतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताजंतवानं. म्हातारं मशीन आहे, काम पडलं की थकतं. ऱ्हस्वरावांनाही पटलं. त्यांच्या गुडघ्यांचं अगदी असंच आहे म्हणाले.

प्रकाशकांना सकाळचीच वेळ दिली आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या. प्रकाशक येणार. सगळं चालतंय, जावयांनी घरून चार वेळा तपासलं. ऱ्हस्वरावांनी खोली झाडली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एक चूक दुरुस्त केली.

प्रश्न एकच होता. तो गाळलेला आर. प्रकाशक जुना माणूस, मूळ प्रत दाखवा म्हणाला आणि तिथेच चूक निघाली तर आम्हाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. प्रूफवाल्यांच्या घरात मुद्रणदोष! उद्या ते यायच्या जरासं आधी आर घालायचा, म्हणजे मशीनला जुनं परत आणायला वेळच मिळणार नाही, असं आम्ही ठरवलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

काय काय झालं ते नीट लिहिते.

जावयांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि नको नको म्हणत असताना त्या स्टुलावरच बसले. पाठोपाठ प्रकाशक आले. मी ॲप्लिकेशन सुरू केलं.

'आपण कुठून आलात ते कळत नाही.'

पुन्हा केलं. पुन्हा तेच. ऱ्हस्वराव माझ्या कानाशी पुटपुटले, "आज सकाळीच थकलं?"

जावई पुढे झाले, काळ्या खिडकीत काहीतरी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, तुम्ही आज सकाळी..." एवढं म्हणून थांबले. "बहुतेक माझंच..."

प्रकाशक उठले. "असू दे, बाई. तुम्ही प्रयत्न केलात. यंत्रांचं काम यंत्रांनाच जमतं." त्यांनी पिशवी उचलली. ऱ्हस्वराव खाली फरशीकडे बघत उभे होते. मला वाटलं, संपलं. या खोलीतलं आपलं सगळं आयुष्य या पिशवीबरोबर जिना उतरून चाललं.

"तुमचं चुकलं, आई."

जावई बोलले होते. तेही मोठ्याने. प्रकाशक दारातच थांबले.

"तो शब्द चुकीचाच आहे. चुकीचाच लागतो. मी रोज संध्याकाळी घरून तो परत चुकीचा करतो, आणि तुम्ही रोज सकाळी येऊन तो बरोबर करता. दहा दिवस मी हेच करतोय. मला सांगायचा धीर झाला नाही."

खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला चुकीपेक्षा चारचौघांत बोलल्याचाच राग आला. "चुकीचा शब्द लागतो म्हणजे काय? कोणाला लागतो?"

"सगळ्यांना. फार पूर्वी, या सगळ्याचे नियम लिहिले तेव्हा कोणाकडून तरी एक आर राहिला. लक्षात येईपर्यंत सगळीकडची मशीनं तसंच लिहायला शिकली होती. आता बरोबर लिहिलं तर कोणालाच समजत नाही. जगातला प्रत्येक ब्राउझर तो शब्द चुकीचा लिहितो, आई. आत्ता, या मिनिटालासुद्धा."

ऱ्हस्वरावांनी खिशातला खडू काढून टेबलावर ठेवला. "जगातला प्रत्येक?"

"प्रत्येक."

"आणि कोणी तपासलं नव्हतं?" हे प्रकाशकांनी विचारलं.

"सॉफ्टवेअरने तपासलं होतं म्हणतात," जावई म्हणाले. "तेव्हा शब्द तपासणारं जे सॉफ्टवेअर होतं, त्याला दोन्हीपैकी कुठलंच स्पेलिंग माहीत नव्हतं. म्हणून सुटलं."

प्रकाशकांनी हातातली पिशवी दाराशी खाली ठेवली.

मी फाइल उघडली. तो शब्द समोर होता, देखणा, निर्दोष, दोन आर असलेला. आयुष्यात मी पुष्कळ अक्षरं खोडली, पण बरोबर अक्षर खोडायची वेळ कधी आली नव्हती. बोट कळेवर ठेवलं आणि दाबवेना. जावयांनी मदतीला हात पुढे केला नाही. नुसते बघत होते. मग मी दाबली.

पान उघडलं.

प्रकाशक परत येऊन बसले. ऱ्हस्वरावांनी निळी खूण केली, मी लाल केली, प्रकाशकांना ती हातातल्या मोबाइलवर दिसली. त्यांनी स्वतः एक पान वर-खाली करून पाहिलं. "पुढचं पुस्तक पाठवतो," म्हणाले. "एकच. त्यावर बघू." जिना उतरता उतरता थांबून त्यांनी वर पाहिलं. "सगळं जग, बाई?"

"असं जावई म्हणतात," मी म्हटलं.

प्रुफात चांगल्या शब्दाला कोणी चुकून हात लावला, तर आम्ही त्याच्याखाली टिंबं देतो आणि समासात 'आहे तसं ठेवा' लिहितो. तशी एक चिठ्ठी लिहून मी मॉनिटरवर चिकटवली. तो शब्द, एका आरचा, आणि खाली टिंबं. ऱ्हस्वरावांनी ती बघितली आणि तोंड फिरवून बसले.

जावई माफी मागत होते. मी "ठीक आहे" म्हटलं, पण ते ठीक आहे असं वाटत नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

रात्री अंथरुणात ह्यांना सगळं सांगितलं. दहा दिवस मला वेड्यात काढलं, म्हटलं. मागून दुरुस्त्या करायच्या आणि तोंडावर सगळं छान आहे म्हणायचं.

"तू पण मागूनच करत होतीस ना?" हे म्हणाले आणि कुशीवर वळून झोपले.

या माणसाला रोजच्या एका वाक्याच्या वर बोलायची सवय नाही. आज बोलले ते नेमकं हे.

५ मार्च, गुरुवार

पहिलं पुस्तक आलं. लहान मुलांचं, प्राण्यांवरचं, चित्रं भरपूर. पान पडद्यावर आलं की ऱ्हस्वराव वाचतात, मग मी. सकाळभर निळ्या-लाल खुणा पडत होत्या आणि प्रकाशकांकडून मधूनच 'बघितलं' असा निरोप उमटत होता. मन लागलं. दुपारच्या चहापर्यंत पहिला भाग हातावेगळा केला आणि पाठवायच्या कळेवर बोट नेलं.

तेवढ्यात जावई आला. एवढी चित्रं सर्व्हरला झेपतायत का ते बघायला आलो म्हणाला. माझ्या खांद्याच्या मागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. त्या दिवसानंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर येत होतो.

"आई, इथे चुकलंय," तो म्हणाला.

पुढेमागे काही नाही. बहुतेक नाही, माझंच नाही.

"कुठे?" ऱ्हस्वराव फणकारले. "आम्ही दोघांनी वाचलंय."

त्याने पुस्तकाच्या नावावर बोट ठेवलं. अख्ख्या पानावर सगळ्यात मोठी अक्षरं. 'प्राण्याचे जग'. वरचा अनुस्वार नव्हता. एवढ्या मोठ्या टायपात डोळा थांबत नाही, सरळ पुढे जातो. सगळ्या प्राण्यांचं जग आम्ही एकाच प्राण्याला देऊन मोकळे झालो होतो, आणि पाठवणारच होतो.

ऱ्हस्वरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. चूक तिथेच होती. मी लाल खूण केली, अनुस्वार दिला, आणि माझी खुर्ची बाजूला ओढून भिंतीशी पडलेलं स्टूल पुढे घेतलं.

"ये, बस इथे," मी म्हटलं. "पुढचं पान आधी तू वाच."